ही गंमत पाहिलीस का?

आपल्या बॅचनं दहावीची परीक्षा दिली ती मार्च १९९५ मध्ये. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगम लिमिटेडनं सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही आधी मोजक्या मोठ्या शहरांत. म्हणजे आपण शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि इंटरनेट देशाच्या फाटकातून आत आलं. दोन्ही घटनांना यंदा तीस वर्षं झाली. "तू संगणकवाली, त्यातलंच काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं लिही," अशी स्मरणिका समितीची आज्ञा झाली तेव्हा हा योग माझ्या लक्षात आला. प्रोग्रॅमिंगवर लिहिलं असतं तर बॅचमधल्या चार जणांनी वाचलं असतं, तेही चुका काढायला. म्हणून आपण सगळेच, आणि आता आपले सर आणि बाईसुद्धा, रोज सकाळी उठल्याबरोबर जे करतो त्याचाच थोडा इतिहास लिहिते आहे. सापडलेली गंमत दुसऱ्याला दाखवणं, हा तो उद्योग.

हा उद्योग इंटरनेटनं सुरू केलेला नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जिन्याजवळचा भित्तिपत्रकाचा फळा आठवा. दोन डोक्यांचं वासरू, जगातली सर्वांत लांब मिशी, तेंडुलकरचा फोटो, नव्या सिनेमाची जाहिरात (ही दुसऱ्या दिवशी गायब व्हायची), असं काहीही आपण वर्तमानपत्रातून कापून आणायचो. मराठीच्या बाईंचा एकच नियम होता. कात्रणाखाली वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव-इयत्ता लिहिलेली पाहिजे. नसेल तर कात्रण परत. त्या वेळी तो नियम आपल्याला निव्वळ शिस्तीचा वाटायचा. तीस वर्षं संगणकांच्या संगतीत काढल्यावर मला असं वाटतं की गमती वाटण्याचा सगळा इतिहास त्या खालच्या चिठ्ठीचा इतिहास आहे. चिठ्ठी कधी टिकली, कधी गळून पडली आणि गळल्यावर काय झालं, एवढंच त्यात पाहायचं.

पहिला प्रसंग १९८२ चा, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. तिथल्या संगणक विभागात एक सामाईक सूचनाफलक होता, पडद्यावरचा. लोक त्यावर कोडी, विनोद, वाद सगळं टाकत. कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, असं एक कोडं निघालं. त्यावर कुणीतरी गमतीनं लिहिलं की एका प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, जपून. काहींना ती खरीच सूचना वाटली. मग विनोदाला विनोद म्हणून ओळखायची काही खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाल्मन या प्राध्यापकांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हं सुचवली. :-) हा आडवा पडलेला हसरा चेहरा तिथून आला. आज आपल्या गटावर दर मिनिटाला जे पिवळे चेहरे पडतात, त्यांचा हा पूर्वज. लक्षात घ्या, तो सजावट म्हणून जन्मलेला नाही. 'ही गंमत आहे, बातमी नाही' असं सांगणारी ती चिठ्ठी होती. पुढे फाल्मन यांचा तो मूळ संदेशच हरवला. २००२ मध्ये जुन्या चुंबकीय फितींवरच्या नकला उपसून तो परत मिळवावा लागला.

नंतर वेब आलं. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं ३० एप्रिल १९९३ रोजी ते तंत्रज्ञान सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. त्या वेळी शोधयंत्रं नव्हती, त्यामुळे नवीन काय आलंय हे एकमेकांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोझाइक हा ब्राउझर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेनं त्याच वर्षी 'नवीन काय' अशी एक यादी ठेवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या पानांची यादी केली. तीच पुढे याहू झाली. म्हणजे एका प्रचंड कंपनीचा उगम दोन मुलांच्या कात्रणवहीत आहे.

लोक तरी काय दाखवत होते एकमेकांना? एक नमुना सांगते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीत कॉफीचं भांडं होतं. वरच्या मजल्यावरून जिने उतरून यावं आणि भांडं रिकामं मिळावं, याला कंटाळून तिथल्या लोकांनी १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा रोखला. आपल्या टेबलाजवळ बसूनच कॉफी शिल्लक आहे का, ते दिसू लागलं. १९९३ च्या अखेरीस ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातले लोक केंब्रिजमधल्या कॉफीची पातळी बघू लागले. चित्र काळंपांढरं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. ते जुनं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. भांड्यात विशेष काही नव्हतं. किंमत होती ती त्याच्या हकिगतीची. हकिगत काढून घेतली असती तर ते भांडं जुन्या बाजारात कुणी फुकट उचललं नसतं.

डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर या अमेरिकन गृहस्थानं आपल्या रोजच्या सापडलेल्या दुव्यांच्या नोंदीला 'वेबलॉग' हे नाव दिलं. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्या शब्दाची गमतीनं फोड केली आणि त्यातून 'ब्लॉग' हा शब्द राहिला. आज ब्लॉग म्हटलं की लांबलचक मनोगत डोळ्यांसमोर येतं, पण मूळचा ब्लॉग म्हणजे भित्तिपत्रकच होतं. एक ओळ, आणि तिच्यावर टिचकी मारली की मूळ पान उघडणार. एक दुसऱ्याकडून घेतलेला दुवा लावला की 'अमक्याच्या पानावरून' असं लिहायची रीतही या मंडळींनीच पाडली. बाईंनी या फळ्याला शंभरपैकी नव्वद गुण दिले असते.

आपल्याकडे मात्र सुरुवात ईमेलपासून झाली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं आणि फुकट पत्ता मिळू लागला. इथल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी 'तुम्हीही फुकट पत्ता घ्या' अशी ओळ आपोआप चिकटायची. चिठ्ठीची ताकद ओळखणारा असा धंदा विरळाच. मी इंजिनीअरिंगला असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचो आम्ही. एक एमबीची फाइल त्या वेळच्या २८.८ च्या मोडेमवरून यायला, लाइन अजिबात न अडखळता, साडेचार मिनिटांहून जास्त लागायची. तेवढा वेळ थांबून आपण काय उतरवत होतो? नाचणारं बाळ! १९९६ मध्ये एका त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरसोबत नमुना म्हणून दिलेली ती हालचाल होती. ईमेलमधून ती जगभर गेली आणि १९९८ मध्ये 'ॲली मॅकबील' या अमेरिकन मालिकेत जाऊन नाचली. टीव्हीवरून इंटरनेटवर नव्हे, तर इंटरनेटवरून टीव्हीवर गेलेल्या पहिल्या काही गमतींपैकी ती एक.

उलट दिशेचं उदाहरण आपल्या घरचं आहे. दलेर मेहंदींचं 'तुनक तुनक तुन' १९९८ मध्ये आलं. आपल्यातल्या किमान तिघांनी ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये केलेलं मला माहीत आहे. नावं सांगत नाही. सुंदर मुली नाचतात म्हणून यांची गाणी चालतात, अशी टीका होत होती. तेव्हा या व्हिडिओत त्यांनी दुसरं कुणीच ठेवलं नाही. चार रंगांच्या पोशाखांतले चार दलेर मेहंदी पडद्यावर एकदम नाचतात. पुढे इंटरनेटवरून हा व्हिडिओ पंजाबीचा एक शब्दही न कळणाऱ्या लोकांत पसरला. इतका, की 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळात २००७ मध्ये ड्रेनाय नावाची जमात आली तेव्हा तिच्यातल्या पुरुषांना हाच नाच दिला गेला. माझ्या अनुभवात परदेशातल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला तो नाच येतो, पण तो कुणाचा हे माहीत नसतं. गाणं पोचलं, चिठ्ठी वाटेत पडली. इथं नुकसान काही नाही, फक्त चारचार वेळा घाम गाळलेल्या माणसाचं नाव राहिलं.

मराठीची गोष्ट जरा वेगळी आणि माझ्या धंद्यातली आहे, म्हणून इथं थोडी थांबते. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. आपल्या काळात शिवाजी, श्रीलिपी असे फॉन्ट होते. ते मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवत, आणि प्रत्येकाची बसवण्याची पद्धत निराळी. त्यामुळे पाठवणाऱ्याकडे जो फॉन्ट आहे तो घेणाऱ्याकडे नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. लोकांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे मराठी रोमन लिपीत लिहायचं. दुसरी म्हणजे मजकुराचं चित्र करून पाठवायचं. कविता, विनोद, लेख सगळं चित्रात. आणि चित्रातला मजकूर त्या काळी शोधता येत नसे. मूळ कुठलं, कुणाचं, हे तपासायचा रस्ताच बंद. पु. ल. आणि व. पु. यांनी कधीही न लिहिलेली वाक्यं त्यांच्या फोटोखाली फिरू लागली, त्याला माणसांच्या भोळेपणाइतकाच हा तांत्रिक अडथळाही कारणीभूत आहे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. त्यात देवनागरीची मांडणी आपल्या देशात १९८८ मध्ये ठरलेल्या इस्की या प्रमाणावरून घेतली आहे. मूळ देवनागरी विभागात १२८ जागा आहेत. त्यात मराठीचे हट्ट पुरवायला वेळ लागला. 'ॲटम'मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून तिथं आला तो २००८ मध्ये. 'दुसऱ्या'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र लिहिण्यासाठी नुक्ता दिलेल्या ऱ ची मदत घ्यावी लागते. शुद्धलेखनात त्याच्यावरून आपण मार खाल्ला, त्याचं हे जागतिक पातळीवरचं समाधान! युनिकोड रुळल्यावर मराठी मजकूर शोधता येऊ लागला. पण तोवर चित्रं पाठवायची सवय हाडीमांसी खिळली होती. तंत्रज्ञान बदलतं तितक्या वेगानं सवय बदलत नाही.

२००९ मध्ये व्हॉट्सॲप निघालं. काही वर्षांत स्मार्टफोन आणि २०१६ नंतर डेटाही स्वस्त झाला. कात्रण कापायला कात्री नको, डकवायला खळ नको, बाईंची परवानगी नको. बोटानं दाबलं की पुढे. आणि इथं चिठ्ठी जवळजवळ नाहीशीच झाली. जुन्या ईमेलमध्ये निदान पुढे ढकलणाऱ्यांच्या पत्त्यांची शेपूट लटकत असायची. व्हॉट्सॲपवर संदेश पुढे गेला की आधी कुणी पाठवला होता ते दिसत नाही. मजकूर कोरा करकरीत, जणू आत्ताच जन्मला.

त्यामुळे काय हरवतं, याचं माझं आवडतं उदाहरण दर दिवाळीला आपल्या गटावर येतं. काळोखात निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या ठिपक्यांनी झगमगणारा भारताचा नकाशा, आणि खाली 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत'. ते दिवाळीचं चित्र नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून ते तयार केलं. त्यात पांढरा रंग म्हणजे १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे. निळा म्हणजे १९९२ मध्ये नव्यानं दिसू लागलेले, हिरवा १९९८ मधले आणि लाल २००३ मधले. २०१२ मध्ये नासानंही हा खुलासा केला आणि दिवाळीच्या रात्रीचा भारताचा खराखुरा फोटो दाखवला. त्या रात्री उजेड किंचित वाढतो, पण अवकाशातून तो कळण्याजोगा नसतो.

आता ते चित्र पुन्हा बघा. १९९२ म्हणजे आपली सातवी संपून आठवी सुरू झाली ते वर्ष. १९९८ ला आपण पदवीच्या वर्गात होतो. २००३ पर्यंत नोकऱ्या लागल्या होत्या, निम्म्यांची लग्नं झाली होती. आपण कंदिलाखाली नाहीतर भारनियमनाच्या वेळा सांभाळून अभ्यास केला आणि मोठे झालो, त्याच अकरा वर्षांत देशभर दिवे कुठे कुठे लागत गेले, ते त्या रंगांत आहे. म्हणजे खोट्या मजकुरानं एका रात्रीची रोषणाई दाखवली आणि एका पिढीची गोष्ट झाकली. खरी हकिगत खोटीपेक्षा जास्त सुंदर होती, हे मला जास्त लागतं.

पण सगळीच उदाहरणं अशी हळहळण्यावर भागत नाहीत. कराचीत लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी जनजागृती करणारी एक छोटी फिल्म तयार झाली होती. तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतात व फलक दाखवतात की मूल पळवायला एवढासाच वेळ लागतो. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा खऱ्या अपहरणाचं चित्रण म्हणून २०१८ मध्ये आपल्या देशात फिरला. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे असे संदेश तेव्हा गावोगाव पोचले होते. १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं, रविवारच्या बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. आपल्या लहानपणी दारावर येणाऱ्या अशा माणसांना आपल्या आया ओळखत होत्या. कुठून आले, कुठे जाणार, हे दोन शब्दांत विचारत होत्या. त्या दिवशी राईनपाड्यात हे कुणी विचारलं नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकदम पाचपेक्षा जास्त जणांना किंवा गटांना संदेश पुढे पाठवण्यावर बंधन घातलं. पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूणही दिसू लागली. जानेवारी २०१९ पासून हे बंधन जगभर लागू झालं. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा हात बदललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला. त्या संदेशावर दोन बाण दिसतात. ते बाण म्हणजे 'बऱ्याच हातांतून आलोय' एवढीच कबुली. पहिला हात कोणाचा, हे ते सांगत नाहीत. फाल्मन यांच्या हसऱ्या चेहऱ्यापासून निघालेला प्रवास छत्तीस वर्षांनी पुन्हा एका छोट्या खुणेपाशी आला. मधल्या काळात खूण नसण्याची किंमत मात्र भलतीच वाढली होती.

संगणकवाली म्हणून मला विचाराल तर यंत्र याहून फार पुढे जाईल असं वाटत नाही. खासगी संवाद खासगी राहायचा असेल तर प्रत्येक संदेशाला त्याच्या जन्माचा दाखला चिकटवता येत नाही, आणि तसा तो चिकटवूही नये. उरतो तो आपला हात. गंमत पाठवणं थांबवा, असं मी मुळीच म्हणत नाही. आपला गट गमतींशिवाय आठ दिवसांत ओस पडेल. फक्त खाली एक ओळ: कुठे मिळालं, कधीचं आहे. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहिलं तरी चालेल. तीही चिठ्ठीच आहे.

ही ओळ सर्वांत जास्त कुठे लागणार आहे, ते याच स्मरणिकेच्या निमित्तानं कळलं. तुम्ही सगळ्यांनी जुने फोटो पाठवलेत: सहली, स्नेहसंमेलनं, कबड्डीचा संघ, निरोप समारंभ. छापील फोटोंच्या मागे कुणाच्या तरी वडिलांनी पेन्सिलनं तारीख आणि नावं लिहिलेली असतात. मोबाइलनं त्याचा फोटो काढताना मात्र आपण फक्त पुढची बाजू काढतो. नव्या फोटोंत तारीख फाइलच्या पोटात असते, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल लहान करताना ती माहिती निघून जाते. दस्तऐवज म्हणून पाठवला तर टिकते. घराचा ठावठिकाणाही त्यात असू शकतो, तेव्हा दस्तऐवज ओळखीच्यांनाच पाठवा.

समितीकडे आलेल्या फोटोंत एक सातवीच्या सहलीचा आहे. मागच्या रांगेत उजवीकडे, डोक्याला रुमाल बांधलेले, हातात पाण्याची कळशी घेतलेले एक काका उभे आहेत. आपल्या घंटेपासून खडूपर्यंत सगळं त्यांच्या हातून व्हायचं. गटावर चौकशी केली तर सोळा जणांनी हृदयाची चिन्हं टाकली. त्यांचं पूर्ण नाव एकालाही आलं नाही. आपण त्यांना नुसतं काका म्हणायचो. सर, बाई, तुमच्यापैकी कुणाला तरी ते आठवत असणार. मेळाव्याच्या दिवशी तो फोटो मोठा करून दाराशी लावणार आहोत आणि खाली कोरा कागद ठेवणार आहोत. येताना तेवढं नाव घेऊन या. आणि घरी गेल्यावर जुने अल्बम काढा, फोटो उलटे करा आणि मागच्या बाजूचेही फोटो काढून पाठवा.